ब्रेकन अँड रॅडनर मतदारसंघ टूर : ५ पैकी ४ स्टार, आणि एक का कापला ते

आधीच सांगते, ही टूर सगळ्यांसाठी नाहीये. वेल्सला येऊन लोक डोंगर चढतात, धबधबे बघतात, किल्ल्यासमोर फोटो काढतात. आम्ही मात्र माणशी ४० पौंड मोजून शनिवारचा अख्खा दिवस एका मतदारसंघाच्या निवडणुकांची हिस्टरी ऐकत फिरलो, आणि तो मतदारसंघही असा की आता अस्तित्वातच नाही, २०२४ ला मोडीत निघाला. आम्ही म्हंजे मी आणि माझे सासरे. नवऱ्याने ऐकूनच हात वर केले, मला झोप काढायचीय म्हणाला.

अण्णा (सासरे) रिटायर्ड मास्तर. आयुष्यभर शाळा आणि शाळेच्या जोडीने इलेक्शन ड्युटी, म्हंजे जनगणना सोडली तर सरकारने मास्तरांकडून जे जे करून घेतलं ते सगळं यांनी केलंय. आमच्याकडे कार्डिफला तीन महिन्यांसाठी आलेत आणि तिसऱ्या आठवड्यातच कंटाळले, टीव्हीवर पावसाचा अंदाज बघायचा आणि मग खिडकीतून तोच पाऊस बघायचा. त्यात मला ब्रेकनच्या एका चहाच्या दुकानात काउंटरवर या टूरचं कार्ड दिसलं. म्हटलं हे तर आपल्या म्हाताऱ्यासाठीच छापलंय.

बुकिंग फक्त फोनवर, पैसे फक्त कॅश, वेबसाईट वगैरे काही नाही. गाईड म्हंजे सत्तरी पार केलेले एक आजोबा, पूर्वी बँकेत कॅशियर होते. इथे मतमोजणीला बँकेतली माणसं बोलवायची जुनी पद्धत आहे कारण त्यांचा कागद मोजायचा हात बसलेला असतो, तर हे पण वर्षानुवर्षं मोजणीच्या टेबलावर बसलेत. आठ सीटची व्हॅन, आम्ही पाच जण : आम्ही दोघं, हेरफर्डहून आलेलं एक रिटायर्ड जोडपं आणि वहीत सतत काहीतरी लिहिणारा एक कॉलेजचा मुलगा. व्हॅन ४० मिनिटं उशिरा आली आणि तिचा हीटर बंद होता, हे निगेटिव्ह आत्ताच लिहून मोकळी होते म्हंजे पुढे मधे मधे येणार नाही. एप्रिल होता तरी पायाची बोटं गेली होती माझी.

सुरुवात ब्रेकनला. आजोबांनी नकाशा बॉनेटवर पसरला आणि पहिल्यांदा साईज समजावली, ते बरं केलं, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. १९१८ साली ब्रेकनशायर आणि रॅडनरशायर या दोन काउंट्या एकत्र करून ही एक सीट बनवली. क्षेत्रफळ तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर, इंग्लंड आणि वेल्स धरून सगळ्यात मोठा मतदारसंघ, आणि एवढ्या पसाऱ्यात मतदार किती तर ५३ हजारांच्या आसपास. बाकी मेंढ्या. लंडनमधला खासदार आपला मतदारसंघ दुपारच्या जेवणाआधी पायी फिरून येतो, इथल्या खासदाराला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना मधे चहाला थांबावं लागतं. आणि ब्रेकन, बिल्थ वेल्स, लँड्रिंडॉड वेल्स, नायटन, प्रेस्टीन, हे-ऑन-वाय ही सगळी मोठी गावं म्हणायची हो, पण मोठी म्हंजे काय तर एक हाय स्ट्रीट, एक घड्याळ, दोन पब.

अण्णांनी लगेच पहिला प्रश्न टाकला, पेट्या कशा आणता एवढ्या लांबून? आजोबा खूश. गाडीने, रात्री १० ला मतदान संपलं की सगळ्या गावांतून पेट्या निघतात, आणि मोजणी बऱ्याचदा त्याच रात्री सुरू होते. मशीन नाही, कागद आणि पेन्सिल. बोटाला शाई पण नाही. आणि २०२३ पर्यंत तर ओळखपत्रही मागत नव्हते, नाव आणि पत्ता सांगायचा की कागद हातात. अण्णा एवढे अस्वस्थ झाले की काय सांगू. "अगं म्हणजे कोणीही येऊन दुसऱ्याचं नाव सांगेल!" मी ट्रान्सलेट केलं तर आजोबा म्हणाले की गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, दुसऱ्याचं नाव सांगून बघाच. आता पार्लमेंटच्या निवडणुकीला फोटो आयडी लागतं, आणि अण्णांच्या मते तेव्हापासूनच इथे खरी लोकशाही आली.

ब्रेकनमधला पहिला एपिसोड २०१९ चा, कारण तो अजून लोकांच्या तोंडी आहे. इथले कन्झर्व्हेटिव्ह खासदार ख्रिस डेव्हिस, २०१५ ला निवडून आलेले. त्यांनी ऑफिसात लावायला इथल्या निसर्गाचे नऊ फोटो घेतले, ७०० पौंडांचे. ऑफिससाठी फोटो घेणं हा काही गुन्हा नाही, पण खर्च दोन वेगवेगळ्या बजेटमध्ये बसवायला त्यांनी दोन खोटी बिलं बनवली, आणि ते गुन्ह्यात बसलं. त्यांनी कबूल केलं. दंड १५०० पौंड आणि ५० तास समाजसेवा. आता २०१५ च्या एका कायद्याप्रमाणे खर्चाच्या खोट्या कागदांबद्दल खासदार दोषी ठरला तर शिक्षा किती का असेना, त्याच्या मतदारसंघात 'रिकॉल'चा अर्ज उघडतो, सहा आठवडे लोक येऊन सही करतात, आणि १० टक्के मतदारांनी सही केली की खासदारकी गेली. इथे १०,००५ सह्या झाल्या, जवळजवळ १९ टक्के. सीट रिकामी.

आणि मग काय, पक्षाने तिकीट परत त्यांनाच दिलं! लोकांनी सही करून काढलेला माणूस त्याच सीटवर परत उभा, हे ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच. अण्णा म्हणाले याला म्हणतात गिरे तो भी टांग उपर, आणि हे ट्रान्सलेट करायला माझी फे फे उडाली.

१ ऑगस्ट २०१९ ला पोटनिवडणूक झाली. लिबरल डेमोक्रॅटच्या जेन डॉड्स १३,८२६, डेव्हिस १२,४०१, म्हंजे १,४२५ ने हरले. बोरिस जॉन्सन पंतप्रधान होऊन फक्त आठ दिवस झाले होते आणि त्यांचं पार्लमेंटातलं बहुमत त्या रात्री एकावर आलं. पण आजोबांनी आम्हाला वहीतल्या पानावर दाखवलं की ब्रेक्झिट पार्टीने (कन्झर्व्हेटिव्हसारखीच युरोपियन युनियन सोडायच्या बाजूची) ३,३३१ मतं खाल्ली होती, ती डेव्हिसना जोडा, बेरीज होते १५,७३२. आणि समोरच्या बाजूला प्लाईड कम्री (वेल्सचा प्रादेशिक पक्ष) आणि ग्रीन, दोघंही युनियनमध्ये राहायच्या बाजूचे, यांनी डॉड्ससाठी उमेदवारच दिला नव्हता. म्हंजे एका बाजूने घर एकत्र केलं आणि दुसऱ्या बाजूने वेगळी चूल मांडली, निकाल तिथेच लागला. बोनस म्हंजे मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी म्हणून एक टवाळ पक्ष आहे, त्यांच्या बाईंना ३३४ मतं आणि यूकिपला (जुना ब्रेक्झिटवाला पक्ष) २४२. हे सांगताना आजोबा इतके हसले की चष्मा पुसावा लागला. डॉड्सबाईंची खासदारकी टिकली डिसेंबरपर्यंत, जनरल इलेक्शनला फे जोन्स ७,१३१ ने जिंकून सीट परत कन्झर्व्हेटिव्हकडे.

इथपर्यंत टूर चांगली चाललेली पण म्हटलं हे तर पेपरात पण वाचता आलं असतं. पैसे वसूल झाले ते पुढच्या स्टॉपला.

ब्रेकनहून ए ४७० ने बिल्थला जाताना टॅल्गार्थचा फाटा लागतो, तिथे गाडी बाजूला घेऊन १९८५ सांगितलं, कारण त्या निवडणुकीचा हिरो, लिबरलांचा (आताच्या लिबरल डेमोक्रॅटांचा जुना पक्ष) रिचर्ड लिव्हसी नंतर लॉर्ड (वरच्या सभागृहाचा सदस्य) झाला तो टॅल्गार्थचं नाव लावूनच. शेती करणारा, शेतकी कॉलेजात शिकवणारा माणूस. इथले कन्झर्व्हेटिव्ह खासदार टॉम हूसन वारले म्हणून ४ जुलै १९८५ ला पोटनिवडणूक लागली. (या हूसनांची एक गंमत : १९७९ ला ते इथे जिंकले त्याच रात्री शेजारच्या माँटगोमरीशायरमध्ये त्यांचे चुलतभाऊ एम्लिन हूसन, ते लिबरल, हरले. एकाच घरात पेढे पण आणि सुतक पण.) खाणकामगारांचा मोठा संप मार्चमध्येच संपलेला, थॅचरबाईंवर राग, आणि मतदानाच्या तोंडावर एका पोलने सांगितलं की लेबर १८ टक्क्यांनी पुढे. झालं काय, तर लिव्हसी १३,७५३, लेबरचे रिचर्ड विली १३,१९४, आणि कन्झर्व्हेटिव्ह ज्यांची सीट होती ते तिसरे. फरक ५५९. पोलवाल्यांचे चेहरे कसे झाले असतील.

बिल्थला लंच. टूरमध्ये लंच धरलेलं नाही, हे कार्डावर बारीक अक्षरात होतं, तुम्ही धरून चाला. मी काउल घेतलं, मटणाचं पातळ सूप असतं त्यात मोठाले बटाटे आणि लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी), थंडीत बरं वाटलं. अण्णांना लीक-बटाट्याचं सूप, वर ब्रेड, त्यांनी पिशवीतून लसणाची चटणी काढून शिंपडली आणि आजोबांना पण चिमूटभर दिली. आजोबा लाल झाले, पण परत मागितली.

आणि मग टेबल पुसून घेऊन आजोबांनी तो खेळ दाखवला ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय.

बिस्किटाचा एक जुना टिनचा डबा आणला होता, त्यात जुने रोझेट (पक्षाच्या रंगाचे छातीवर लावायचे फितीचे बिल्ले), प्रचाराची पत्रकं, आणि कागदाच्या कापलेल्या चिठ्ठ्यांच्या गड्ड्या, एकेका गड्डीत ५०, वर रबरबँड. अंगठ्याला कॅशियर लावतात ती रबरी टोपी चढवली आणि फर्रर्र करून एक गड्डी मोजून दाखवली, मी पापणी लववेपर्यंत ५० झाले. मग म्हणाले, १९८७ चं जनरल इलेक्शन. लिव्हसी १४,५०९, कन्झर्व्हेटिव्ह जोनाथन इव्हान्स १४,४५३. फरक ५६.

मग त्यांनी दोन ढीग केले, डावीकडे लिव्हसी, उजवीकडे इव्हान्स, आणि डावीकडची फक्त एक गड्डी उचलून उजवीकडे ठेवली. आमच्याकडे बघत बसले. कॉलेजच्या पोराच्या आधी अण्णांची ट्यूब पेटली. एक गड्डी इकडची तिकडे गेली की इकडे ५० कमी आणि तिकडे ५० जास्त, फरक १०० ने हलतो, म्हंजे ५६ ने जिंकलेला माणूस ४४ ने हरतो. एक रबरबँड! रात्री तीन वाजता, डोळ्यावर झोप, समोर कागदाचा डोंगर आणि दोन्ही पक्षांचे एजंट मानेवर श्वास सोडतायत. म्हणून तर प्रत्येक गड्डी दुसऱ्या माणसाने परत मोजायची, आणि वरच्या चिठ्ठीवर विसंबायचं नाही, पंख्यासारखी उघडून आतलं प्रत्येक मत बघायचं. अण्णा मान डोलवत होते, "आम्ही पण गठ्ठेच बांधायचो हो, मशीन यायच्या आधी," आणि मग त्यांनी ती रबरी टोपी मागून घेतली, स्वतःच्या अंगठ्याला लावली आणि एक गड्डी मोजली. एकोणपन्नास. परत मोजली. एकोणपन्नासच. आजोबांनी मोजली, एकोणपन्नास! एक चिठ्ठी हेरफर्डच्या काकूंच्या प्लेटखाली चिकटलेली सापडली, सूप लागलेली. मी आयुष्यात अण्णांना एवढं खूश बघितलं नव्हतं, आमच्या लग्नात पण नाही.

मग १९९२. यावेळी तीच दोन माणसं, निकाल उलटा. इव्हान्स १५,९७७, लिव्हसी १५,८४७, फरक १३०. हे सांगताना आजोबांचा आवाज जरा खाली गेला, त्यावरून मी ओळखलं ते कोणाला मत देतात, गळ्यात मफलर पण नारिंगीच, लिबरल डेमोक्रॅटांच्या रंगाचा होता. दोन गड्ड्या चुकल्या असत्या तर हा पण उलटला असता, म्हणाले, पण चुकल्या नव्हत्या, मीच बघितल्या होत्या. १९९७ ला लिव्हसी परत आले ते ५,०९७ ने, आजोबांच्या भाषेत त्या रात्री लवकर घरी जायला मिळालं. २००१ ला लिव्हसी थांबले, रॉजर विल्यम्स आले, ते पण शेतकरी, आणि फरक परत ७५१. म्हंजे १६ वर्षांत चार निकाल एका शाळेच्या पटसंख्येत मावतील एवढ्या मतांनी लागलेत.

अण्णांनी विचारलं, आणि समसमान झाली तर? ५६ च्या केसमध्ये २८ जणांनी मन बदललं असतं तर बरोबरी झाली असती. आजोबा म्हणाले चिठ्ठी टाकायची, निवडणूक अधिकारी चिठ्ठी काढणार आणि ज्याचं नाव येईल तो खासदार. अण्णा म्हणाले आमच्याकडे पण तेच. दोघांनी हात मिळवले, का ते मला माहीत नाही.

बिल्थहून लँड्रिंडॉड. वाटेत लॅनेलवेथचं रॉयल वेल्श शोचं मैदान दिसतं, दर जुलैला तिथे मोठं शेतीप्रदर्शन भरतं आणि सगळ्या पक्षांचे पुढारी बैलाच्या शेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. लँड्रिंडॉड व्हिक्टोरियन काळातलं, औषधी पाण्याच्या झऱ्यांसाठी लोक यायचे. पॉविस काउंटीचं (हा सगळा भाग आता तिच्यातच येतो) मुख्य ऑफिस आता इथेच आहे. गाव सुंदर आहे पण टूरमधला सगळ्यात ढिला भाग हा, २० मिनिटं नुसतं काउंटी हॉलच्या बाहेर उभं राहून वॉर्डांच्या हद्दी ऐकायच्या म्हंजे कहर होता, आणि टॉयलेटला सुट्टे पैसे लागले ते माझ्याकडे नव्हते. सुट्टे ठेवा.

पण लँड्रिंडॉडहून पुढे न्यू रॅडनरला जाताना जो रस्ता लागतो ना, त्या रस्त्यावर मला ते ५६ खरं समजलं. मी सहज म्हणून घरं मोजायला लागले. गाडी चाललीय, डोंगर, मेंढ्या, कुंपण, मेंढ्या, मग एक घर, धूर येणारं, मग परत पाच मिनिटं काही नाही. चौदा घरं मोजली आणि झोप लागली. चौदा घरं, घरटी दोन माणसं, म्हंजे २८ मतं. एवढीच होती ती, त्या झोपेच्या आधीची. अशा ठिकाणी उमेदवाराने एका शेतावर जायचं ठरवलं तर दोन मतांसाठी अर्धा तास आणि दारातला कुत्रा. पण ती दोन मतं सोडून कसं चालेल, सांगा? म्हणून इथे पक्षापेक्षा माणूस कोण, कोणाचा मुलगा, लोकरीचा भाव त्याला कळतो का, हे बघतात असं आजोबा म्हणाले, आणि लिव्हसी-विल्यम्स दोघंही शेतीवाले निघाले यात मला तरी योगायोग दिसला नाही.

न्यू रॅडनर म्हंजे आता दहा मिनिटांत फिरून होणारं गाव, पण गावाच्या तोंडाशी चर्चच्या कळसासारखं एक अवाढव्य दगडी स्मारक आहे, सत्तर फुटांहून उंच, आणि अशा गावात ते इतकं विचित्र दिसतं की पहिल्यांदा वाटतं कोणीतरी चुकून इथे उतरवून गेलं. ते सर जॉर्ज कॉर्नवॉल लुईस यांचं. इथले खासदार, देशाचे अर्थमंत्री आणि पुढे गृहमंत्री पण होते, १८६३ ला वारले. त्या काळी न्यू रॅडनर आणि आजूबाजूची छोटी गावं मिळून एक वेगळी सीट होती. १८६८ ला लॉर्ड हार्टिंग्टन म्हणून लिबरलांचे बडे नेते लँकाशायरमध्ये पडले, मग इथल्या खासदारांनी त्यांच्यासाठी सीट सोडली आणि १८६९ ला त्यांना इथून आणलं. हे हार्टिंग्टन १८७५ पासून कॉमन्समधले (पार्लमेंटच्या खालच्या सभागृहातले) लिबरलांचे नेते होते, म्हंजे विरोधी पक्षनेता न्यू रॅडनरचा खासदार! सेफ सीटवर नेत्याची सोय लावायची हे काही आजचं नाही. १८८० ला ते परत लँकाशायरला गेले आणि १८८५ ला ही सीटच बंद झाली. ठीक, बघायला पाच मिनिटं पुरतात, आम्ही अर्धा तास थांबलो कारण पाऊस सुरू झाला आणि हेरफर्डच्या काकांची छत्री उलटी होऊन मेंढ्यांच्या कुंपणात गेली.

येताना हे-ऑन-वाय वरून ब्रेकन, तिथल्या पुस्तकांच्या दुकानांसमोर १५ मिनिटं. त्याच वेळात गाडीत बसल्या बसल्या आजोबांनी पहिल्या वीस वर्षांचं उरकलं : १९१८ ला सिडनी रॉबिन्सन बिनविरोध, मग लिबरल, मग कन्झर्व्हेटिव्ह, मग १९२९ ला तिघांमध्ये मिळून काहीशे मतांचा फरक आणि त्यात लेबरचे पीटर फ्रीमन दोनशेच्या आत निसटून जिंकले. फ्रीमन शाकाहारी होते म्हणे, मेंढ्यांच्या मुलखात! अण्णांना हा खासदार एकदम पटला.

आता तो एक स्टार.

आजोबांनी जाता जाता सांगितलं की १९३९ ला पोटनिवडणूक झाली, इथले खासदार आयव्हर गेस्ट वडील गेल्यावर त्यांच्या जागी लॉर्ड झाले आणि खालच्या सभागृहातली सीट सुटली म्हणून, आणि लेबरचे विल्यम जॅक्सन सरळ लढतीत जिंकले. तारीख १ ऑगस्ट १९३९. २०१९ ची पण १ ऑगस्ट, बरोब्बर ८० वर्षांनी. आणि १९८५ ची ४ जुलै, आणि २०२४ ला नव्या सीटची पहिली निवडणूक पण ४ जुलै. हे तारखांचं त्यांनी फार रंगवून सांगितलं, मजा आली. पण त्या १९३९ पासून १९७९ पर्यंत, सलग चाळीस वर्षं, ही सीट लेबरकडे होती हे त्यांनी एका वाक्यात गुंडाळलं! चाळीस वर्षं! मतदारसंघाचं एकूण आयुष्यच १०६ वर्षं. ट्यूडर वॉटकिन्स एकटे २५ वर्षं खासदार, १९४५ ते १९७०, स्वतः खाणीत काम केलेला माणूस, वेल्सला स्वतःचं पार्लमेंट हवं म्हणून १९५५ ला स्वतःच्या पक्षाची लाईन सोडून उभे राहिलेल्या पाच लेबर खासदारांपैकी एक. त्यांच्या नावाने एक स्टॉप नाही, एक चिठ्ठी नाही, टिनच्या डब्यात एक लाल रोझेट नाही. त्यांच्यानंतरचे कॅरविन रॉडरिक तर नावापुरतेच आले.

मी विचारलं, मेंढ्यांच्या मुलखात लेबर चाळीस वर्षं कसं काय टिकलं? तर उत्तर आलं की ते खालच्या कोपऱ्यात खाणी होत्या ना, अस्ट्रडगन्लाइसकडे. (उच्चार मी तीनदा विचारून घेतलाय, तरी चूक असेल तर सांगा.) मग तिकडे का नाही नेलं आम्हाला? तर म्हणे रस्ता वाकडा पडतो. अहो, रस्ता वाकडा पडतो म्हणून चाळीस वर्षं सोडायची का?

तिथेच तर खरी गोष्ट आहे. त्या कोपऱ्यात आणि ब्रिनमॉर वगैरे भागात कोळसा आणि लोखंडावर जगणारी दाट वस्ती होती, डोंगरावरची विखुरलेली मतं एका बाजूला आणि एकाच गल्लीत राहणारी कामगारांची मतं दुसऱ्या बाजूला, आणि ही दुसरी बाजू भारी पडायची. मग खाणी बंद होत गेल्या, १९८३ ला हद्दी बदलल्या तेव्हा ब्रिनमॉर सीटमधून गेलं, १९८५ ला ५५९ ने हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि त्यानंतर कन्झर्व्हेटिव्हला पाडायचंय तर लिबरलला द्या हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. २०१९ च्या पोटनिवडणुकीत लेबरला १,६८० मतं, ५.३ टक्के. ५ च्या खाली गेलं की ५०० पौंडांचं डिपॉझिट जप्त होतं, ते शंभराच्या आतल्या मतांनी वाचलं. चाळीस वर्षं राज्य केलेल्या पक्षाची डिपॉझिट वाचवायची वेळ येते, याच्यापेक्षा मोठा किस्सा या मतदारसंघात कुठला आहे? ५६ आणि १३० चे किस्से भारी आहेत, मान्य, मीच वर तीन पॅरे लिहिलेत. पण ते जिथे काट्याची टक्कर झाली तिथले. जिथे पंचवीस वर्षं एकच माणूस निवांत निवडून येत राहिला तिथे काय चाललं होतं हे सांगायला जास्त कष्ट पडतात, आणि आजोबांनी ते घेतले नाहीत. बहुतेक त्या रात्रींना मोजणी बोअर होत असणार.

हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, नुसतं रिव्ह्यूमध्ये लिहून मोकळी झाले नाही. ते हसले, म्हणाले पुढच्या सीझनला बघतो. अस्ट्रडगन्लाइस आजही नव्या सीटमध्ये आहेच. वेल्सच्या सीटा ४० च्या ३२ झाल्या तेव्हा स्वान्सी व्हॅलीचा अजून तुकडा जोडून 'ब्रेकन, रॅडनर अँड कुम टावे' अशी सीट झाली, २०२४ ला लिबरल डेमोक्रॅटचे डेव्हिड चॅडविक १,४७२ ने जिंकले. आजोबांनी मोजणीचं काम मात्र सोडलंय, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून.

कोणी जावं? ज्यांना आकडे आवडतात त्यांनी, घरात एखादा इलेक्शन ड्युटी केलेला माणूस असेल तर त्याला नक्की घेऊन जा. लहान मुलं नकोत, लँड्रिंडॉडला बोंब मारतील. इंग्लिश वेल्श ढंगाचं असतं पण आजोबा हळू बोलतात. व्हॅनची पायरी उंच आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर पुढची सीट मागून घ्या. स्वेटर दोन. कॅश लागते, आणि मोबाईलची रेंज बिल्थनंतर विसरा, म्हंजे नवऱ्याने फोन उचलला नाहीस म्हणून केलेली कटकट पण धरून चाला.

तेवढी ती रबरी टोपी. ब्रेकनला उतरताना आजोबांनी ती अण्णांना देऊन टाकली, घरी अजून आहेत म्हणाले. गेले चार दिवस आमच्याकडे वाण्याचं बिल, दुधाची कुपनं, पत्त्यांचा कॅट, टिश्यूपेपर, सगळं दोनदा मोजलं जातंय. पत्ते एक्कावन्न भरले. बदामची राणी सोफ्याखाली मिळाली.